तरुणांच्या भयाला विज्ञानाने उत्तर देणारे र. धों. कर्वे

नंजनगूड (म्हैसूर) : कपिला नदीच्या काठी वसलेल्या या गावाच्या नावातच विष आहे. कन्नडमध्ये ‘नंजु’ म्हणजे विष. ते प्राशन करून पचवणारा तो नंजुंड, म्हणजेच येथील श्रीकंठेश्वर. टिपू सुलतानाच्या हत्तीचा नेत्रविकार येथील उपासनेने बरा झाला आणि सुलतानाने या देवाला हकीम नंजुंड म्हणून गौरविले, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. रोगमुक्तीची आशा धरून आजही भाविक येथे येतात. एकच द्रव्य कोणासाठी औषध ठरते आणि कोणासाठी विष, हा प्रश्न मात्र देवळापुरता राहिलेला नाही. थकवा, उदासी किंवा कामेच्छा मंदावल्याची तक्रार घेऊन रक्ततपासणी करणाऱ्या आणि टेस्टोस्टेरॉनचा आकडा कमी दिसताच इंजेक्शनाचा विचार करणाऱ्या तरुणांपुढे तो आज उभा आहे.

या प्रश्नामागचे भय नवे नाही. नव्वद वर्षांपूर्वी अशाच भयाने ग्रासलेल्या तरुणांच्या शंकांना छापील उत्तरे दिली म्हणून एका मराठी गणितज्ञाला न्यायालयात उभे राहावे लागले होते. ते होते रघुनाथ धोंडो कर्वे.

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील मुरुड येथे झाला. स्त्रीशिक्षणाचे अध्वर्यू महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ते थोरले चिरंजीव. आई राधाबाई १८९१ मध्ये निवर्तल्या, तेव्हा ते अवघे नऊ वर्षांचे होते. पुढे दोनच वर्षांत महर्षींनी विधवाविवाह केला आणि त्यापायी कुटुंबाला सामाजिक बहिष्कार सोसावा लागला. समाजाला न रुचणारी गोष्ट पटली तर ती करायची आणि तिची किंमत मोजायची, हा धडा मुलाने घरातच गिरवला. १८९९ च्या मॅट्रिक परीक्षेत पहिला क्रमांक मिळवणाऱ्या रघुनाथरावांनी फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेतली. गणिताच्या उच्च शिक्षणासाठी ते पॅरिसला गेले आणि नंतर मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात प्राध्यापक झाले.

१९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. भारतातील हे पहिले केंद्र मानले जाते. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र त्याच वर्षी उघडले होते. १९२३ मध्ये त्यांचे ‘संततिनियमन’ हे पुस्तक आले. मिशनऱ्यांच्या महाविद्यालयाला हा प्रचार मानवणारा नव्हता. प्रचार किंवा नोकरी, असा पेच उभा राहिला तेव्हा रघुनाथरावांनी नोकरी सोडली. त्यांनी आणि पत्नी मालतीबाईंनी स्वतःला अपत्य होऊ न देण्याचा निर्णय घेतला होता. ओढग्रस्तीच्या संसारात मालतीबाईंची साथ अखेरपर्यंत टिकली.

जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक निघाले. कामजीवन, गुप्तरोग, संततिनियमन आणि आरोग्य हे त्याचे विषय. मासिकाचा खरा प्राण होता वाचकांचा पत्रव्यवहार. वडिलांना विचारता येत नाही, डॉक्टरांपुढे बोलवत नाही आणि मित्रांकडून मिळते ती केवळ अफवा, अशा कोंडीतले तरुण या मासिकाकडे वळत. वीर्यनाश म्हणजे शक्तिनाश, ही समजूत त्या काळी सार्वत्रिक होती. स्वप्नदोष झाला किंवा हस्तमैथुनाची सवय जडली की पुरुषत्व संपले, असे मानून अनेक जण खचत. या भयावर धातुपौष्टिक औषधांचा मोठा बाजार पोसला जात होता. ज्याला रोग नाही त्याला औषधही नको, हे रघुनाथराव पुराव्याच्या आधारे सांगत राहिले.

त्याची शिक्षाही त्यांनी भोगली. १९३१ मध्ये व्यभिचारावरील लेखासाठी त्यांना शंभर रुपये दंड झाला. १९३४ मधील दुसरा खटला वाचकांच्या प्रश्नोत्तरांवरूनच उभा राहिला. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंधांविषयीच्या शंकांची उत्तरे अश्लील ठरवली गेली. या खटल्यात त्यांची बाजू मांडली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी. लैंगिक विषयावर लिहिणे म्हणजे अश्लीलता नव्हे आणि विकृतीवर उपाय ज्ञानाचाच असतो, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. खटला हरला गेला, दोनशे रुपये दंड झाला, पण मासिक थांबले नाही.

मुंबईत ही कोंडी असताना म्हैसूर संस्थानाने वेगळी वाट धरली होती. जून १९३० मध्ये संस्थान सरकारने आपल्या रुग्णालयांत संततिनियमन केंद्रे उघडण्याचा आदेश काढला. सरकारने चालवलेली जगातील पहिली केंद्रे म्हणून त्यांची नोंद घेतली जाते. जे काम केल्याबद्दल मुंबईत एका प्राध्यापकाची नोकरी गेली, तेच काम नंजनगूडपासून सुमारे २५ किलोमीटरवरच्या म्हैसूर शहरात सरकारी धोरण झाले.

पौरुष परत मिळवण्याचा ध्यास तेव्हा युरोपातही होता. १८८९ मध्ये ब्राऊन-सेकार या नामवंत शरीरशास्त्रज्ञाने वयाच्या ७२ व्या वर्षी प्राण्यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि तारुण्य परतल्याचे जाहीर केले. त्या पाण्यासारख्या अर्कात संप्रेरक जवळजवळ नव्हतेच, हे पुढे स्पष्ट झाले. रघुनाथराव ज्या पॅरिसमध्ये शिकले, तेथेच १९२० च्या दशकात सर्ज व्होरोनॉफ हे शल्यविशारद माकडांच्या वृषणांचे तुकडे धनिकांच्या शरीरात बसवत होते. शुद्ध टेस्टोस्टेरॉन हाती आले १९३५ मध्ये, म्हणजे कर्वे यांच्या दुसऱ्या खटल्यानंतर वर्षभराने. ते प्रयोगशाळेत घडवणाऱ्या बुटेनांट आणि रुझिच्का यांना १९३९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

औषध खरे निघाले, तरी रघुनाथरावांचा मूळ प्रश्न मिटला नाही. टेस्टोस्टेरॉनची पातळी दिवसभर बदलते आणि सकाळी ती सर्वाधिक असते. आजारपण, अपुरी झोप किंवा उपासमार यांनीही ती उतरते. म्हणून स्पष्ट लक्षणे आणि दोन वेगवेगळ्या दिवशी सकाळी केलेल्या तपासण्या, या दोन्ही गोष्टी जुळल्याशिवाय निदान केले जात नाही. अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञांची संघटना एका डेसिलिटरला ३०० नॅनोग्रॅमखालील पातळी कमी मानते. त्यानंतर कारण शोधावे लागते. जन्मजात गुणसूत्रदोष, गालगुंडांमुळे वृषणांना झालेली इजा किंवा मस्तिष्कातील पीयूष ग्रंथीची गाठ असेल, तर उपचार आवश्यकच असतो. अशा रुग्णांची हाडे, स्नायू आणि मनःस्थिती त्याने सावरते. पण अनेक तरुणांमध्ये मुळाशी लठ्ठपणा, मधुमेह, निद्रेतील श्वसनदोष, अफूजन्य वेदनाशामके किंवा व्यायामशाळेत घेतलेली स्टेरॉइड असतात. तेथे मूळ कारणावर उपाय केल्यास पातळी पुष्कळदा आपोआप सुधारते.

निर्णयातील सर्वांत मोठा धोका थेट कर्वे यांच्या आयुष्यभराच्या विषयाशी जाऊन भिडतो. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळू लागले की पीयूष ग्रंथी वृषणांना संदेश पाठवणे थांबवते आणि शुक्राणूंची निर्मिती मंदावते किंवा पूर्ण बंद पडते. जागतिक आरोग्य संघटनेने पुरस्कृत केलेल्या आणि १९९० च्या दशकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत आठवड्याला २०० मिलिग्रॅमचे इंजेक्शन पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणूनच तपासले गेले आणि ते परिणामकारक ठरले. पौरुष वाढवण्यासाठी घेतलेले औषध पितृत्व रोखू शकते, हे अनेक तरुणांना उपचार सुरू झाल्यावर कळते. औषध थांबवल्यावर शुक्राणू बहुधा परततात, पण त्याला अनेक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागतो. म्हणून नजीकच्या काळात अपत्य हवे असलेल्यांनी हा उपचार सुरू करू नये, असे तज्ज्ञांचे मार्गदर्शन आहे. त्यांच्यासाठी वृषणांना चालना देणारे वेगळे उपचार आहेत. ज्यांना टेस्टोस्टेरॉन द्यावेच लागते, त्यांच्या रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण नियमितपणे तपासावे लागते, कारण रक्त प्रमाणाबाहेर घट्ट होण्याचा धोका असतो.

रघुनाथराव डॉक्टर नव्हते आणि त्यांच्या काळातील विज्ञानाच्या मर्यादा त्यांच्या लेखनालाही होत्या. त्यांनी आग्रह धरला तो पद्धतीचा. लाज बाजूला ठेवून प्रश्न विचारावा, उत्तर पुराव्यावर तपासावे आणि भयाच्या भरात औषध घेऊ नये, एवढेच त्यांचे म्हणणे होते. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी त्यांचे निधन झाले. पाठोपाठ, सव्वीस वर्षे चाललेले ‘समाजस्वास्थ्य’ही बंद पडले. पुढच्याच वर्षी, १९५४ मध्ये, संसदेने औषधे आणि जादुई उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा केला. लैंगिक शक्ती वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींवर त्याने बंदी आली.

तो कायदा आजही लागू आहे, पण जाहिराती भिंतींवरून मोबाइलच्या पडद्यावर पोहोचल्या आहेत. त्या वाचून अस्वस्थ झालेल्या तरुणाने डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात: तपासणी पुन्हा सकाळी करायची का, पातळी कमी होण्याचे कारण कोणते, आणि पुढे मूल हवे असेल तर काय. ‘समाजस्वास्थ्य’च्या वाचकाला असे प्रश्न नाव लपवून पत्रात लिहावे लागत. आज ते दवाखान्यात समोरासमोर विचारता येतात.