पराभवानंतरचे बाबासाहेब

डॉ. बाबासाहेब आंबेडकर लोकसभेवर कधीच निवडून आले नाहीत, ही गोष्ट नव्या पिढीतल्या पुष्कळांना ठाऊक नसते. घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष, स्वतंत्र भारताचे पहिले कायदेमंत्री, आणि त्याच घटनेप्रमाणे झालेल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते मुंबईत पडले. दोन वर्षांनी भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत पुन्हा पडले. त्यांच्या आयुष्याची गोष्ट सांगताना महाड, पुणे करार, घटना आणि नागपूर असे चार मुक्काम घेतले जातात आणि मधला हा रस्ता राहून जातो. वास्तविक या रस्त्यावर भेटणारे बाबासाहेब मला तरी फार जवळचे वाटतात. हरलेला, थकलेला, मधुमेहाने पोखरलेला हा माणूस पुन्हा पुन्हा एकच हिशेब मांडत बसलेला दिसतो. आपण बोलायचे कोणाशी? फक्त आपल्या माणसांशी, की सगळ्या कष्टकऱ्यांशी? आपल्यांशी बोलावे तर मते पुरत नाहीत. सगळ्यांशी बोलावे तर आपल्या माणसाचे दुखणे त्या गर्दीत कोण ऐकणार?

हा पेच त्यांना पहिल्या पक्षापासूनच होता. ऑगस्ट १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. नावात जात नव्हती, धर्म नव्हता. होता तो मजूर. अनंतराव चित्रे, श्यामराव परुळेकर यांच्यासारखी सवर्ण माणसे त्यात होती. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत पक्षाने मुंबई इलाख्यात १७ उमेदवार उभे केले आणि त्यांतले बहुतेक निवडून आले. खुद्द बाबासाहेबांच्या विरुद्ध काँग्रेसने उभे केले होते पाळवणकर बाळूंना. चेंडूफेकीने गोऱ्यांनाही चकित करणारे, दलित समाजातून आलेले हे थोर क्रिकेटपटू एके काळी बाबासाहेबांच्याही कौतुकाचा विषय होते. बाबासाहेब जिंकले, पण लढत अगदीच एकतर्फी नव्हती.

पुढची दोन वर्षे हा पक्ष आपल्या नावाला जागला. सप्टेंबर १९३७ मध्ये बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातल्या हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर आला. त्यात महार होते तसे कुणबीही होते. खोताचा जाच दोघांनाही सारखाच होता. त्याच वर्षीच्या ७ नोव्हेंबरला गिरणी कामगारांचा संप झाला आणि त्यात बाबासाहेब आणि कम्युनिस्ट एका बाजूला उभे राहिले. विधेयक मात्र मंजूर झाले नाही. बहुमत काँग्रेसचे होते.

मग १९४२ उजाडले. क्रिप्स साहेब वाटाघाटींना आले ते हिंदू, मुसलमान, शीख अशी समाजांची यादी खिशात घेऊन. एका प्रांतातल्या मजूर पक्षाला त्या यादीत जागा नव्हती. सत्तांतर जवळ आले आहे आणि अस्पृश्यांच्या वतीने बोलणारी अखिल भारतीय संघटना नाही, हे बाबासाहेबांनी ओळखले. जुलै १९४२ मध्ये नागपूरला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली. आता पक्षाच्या नावातून मजूर गेला आणि जात आली. हा माघारीचा निर्णय होता असे काही अभ्यासक म्हणतात. मला तसे वाटत नाही. ज्या दारात नाव पुकारले जात आहे त्या दारात जाऊन उभे राहावे लागते. नाहीतर वाटप आपल्या मागे होऊन जाते.

पण १९४६ च्या प्रांतिक निवडणुकांनी फेडरेशनला अक्षरशः झोपवले. देशभरातल्या दीडशेवर राखीव जागांपैकी पदरात पडल्या जेमतेम दोन. त्यातली एक बंगालमधल्या जोगेंद्रनाथ मंडलांची. याचे कारण पुणे कराराच्या यंत्रणेत होते. राखीव जागेसाठी चारांहून अधिक उमेदवार असले तर आधी फक्त दलित मतदारांची प्राथमिक निवडणूक व्हायची आणि त्यातून निघालेल्या चारांमधून अंतिम निवड सर्व मतदार मिळून करायचे. जिथे प्राथमिक फेऱ्या झाल्या तिथे फेडरेशन काँग्रेसच्या फार मागे नव्हते. अंतिम फेरीत मात्र सवर्ण मतांच्या ओझ्याखाली ते चिरडले गेले. कॅबिनेट मिशनने जागा मोजल्या आणि दलितांची प्रतिनिधी काँग्रेस, असा निष्कर्ष काढला. घटना समितीवर जायला बाबासाहेबांना मुंबईतून वाट उरली नाही. मंडलांच्या खटपटीने ते बंगालमधून निवडून गेले, आणि फाळणीने ती जागा गेल्यावर १९४७ मध्ये बॅरिस्टर जयकरांच्या रिकाम्या जागेवर काँग्रेसच्या पाठिंब्याने मुंबईतून गेले. ज्यांनी हरवले त्यांनीच बोलावून घेतले, असा तो विलक्षण काळ होता.

सप्टेंबर १९५१ मध्ये, हिंदू कोड बिल रखडल्यावर, त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. निवडणूक तोंडावर आली होती. ऑक्टोबरात फेडरेशनचा जाहीरनामा निघाला. मी तो जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा माझ्यातला जुना बँक अधिकारी जागा होतो. राजकीय पक्षाने आश्वासनांसमोर पैसा कुठून आणणार हे इतके उघडपणे लिहिलेले मी क्वचितच पाहिले आहे. उद्योगधंदे वाढवायचे, शेती यंत्रांनी आणि मोठ्या प्रमाणावर करायची, लोकसंख्येला आळा घालायचा. आणि यासाठी पैसा? लष्करावरचा खर्च कमी करा, दारूबंदी उठवून अबकारीचे उत्पन्न परत मिळवा, विमा राष्ट्रीय मालकीचा करा, आणि मिठावरचा कर पुन्हा बसवा.

मिठावरचा कर! दांडीयात्रेला तेव्हा एकवीस वर्षे झाली होती आणि तो कर उठून चार. रुपयाच्या प्रश्नावर लंडनला प्रबंध लिहिणाऱ्या अर्थशास्त्रज्ञाला ही बेरीज बरोबर वाटत होती, आणि जमाखर्चाच्या वहीत ती बरोबरच होती. पण गावोगाव मते मागत फिरणाऱ्या कार्यकर्त्याने हे कोणत्या तोंडाने सांगायचे? त्याच्या हाती निळा झेंडा होता, हत्तीची निशाणी होती आणि गावच्या चावडीपुढे रात्र जागवणारे जलसे होते. आंबेडकरी जलशांनी जे काम केले ते कोणत्याही जाहीरनाम्याने केले नाही. भीमराव कर्डकांसारख्या जलसेकारांच्या ढोलकीवर पक्षाचा विचार अक्षरशत्रू माणसापर्यंत पोचत होता. जाहीरनामा इंग्रजी वाचणाऱ्यांसाठी, जलसा आपल्या माणसांसाठी, आणि या दोन्हींच्या मध्ये जो मोठा मतदार बसला होता, कुणबी, माळी, गिरणीतला मराठा, त्याच्यासाठी काय? त्याच जाहीरनाम्यात एक वाक्य मात्र पुढची चाहूल देणारे आहे. मागासवर्गीयांना सामावून घेण्यासाठी गरज पडली तर पक्षाचे नाव बदलायची तयारी त्यात दाखवली होती.

जानेवारी १९५२ ची उत्तर मुंबईची लढत दुहेरी मतदारसंघातली होती. एक जागा सर्वसाधारण, एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते, आणि प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी. फेडरेशनची समाजवादी पक्षाशी युती होती; सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता, राखीव जागेवर बाबासाहेब. कम्युनिस्टांतर्फे श्रीपाद अमृत डांगे उभे होते. दोघेही पडले. काँग्रेसचे नारायणराव काजरोळकर बाबासाहेबांपेक्षा सुमारे साडेचौदा हजार मतांनी पुढे राहिले. त्या मतदारसंघात ७४ हजारांवर मतपत्रिका बाद ठरल्या. डांग्यांच्या बाजूने मते कुजवण्याचा प्रचार झाला, असा आरोप करून मेहता आणि बाबासाहेब निवडणूक लवादापुढे गेले. अर्ज फेटाळला गेला. साऱ्या देशात फेडरेशनचे दोनच खासदार आले, सोलापुरातून पां. ना. राजभोज आणि करीमनगरमधून एम. आर. कृष्णा. बाबासाहेब राज्यसभेत गेले.

भंडाऱ्याची १९५४ ची पोटनिवडणूकही दुहेरीच होती आणि जोडीला पुन्हा अशोक मेहताच. या वेळी मेहता निवडून आले आणि बाबासाहेब पडले. म्हणजे दलित मतदाराने आपले दुसरे मत इमानाने मित्राच्या पेटीत टाकले. मित्राच्या मतदाराने हत्तीच्या पेटीपाशी हात आखडता घेतला. कार्यकर्त्यांच्या आठवणींत असेही सांगितले जाते की, दुसरे मत कुजवले तर बाबासाहेब निघतील असा हिशेब काहींनी त्यांच्यापुढे ठेवला होता आणि त्यांनी तो साफ धुडकावला. मुंबईत ज्या गोष्टीविरुद्ध ते लवादापुढे गेले होते, ती भंडाऱ्यात करणे त्यांना शक्यच नव्हते.

या दुसऱ्या पराभवानंतर मात्र फेरविचार मुळापासून सुरू झाला. ऑगस्ट १९५५ मध्ये फेडरेशनने कायदेमंडळांतल्या राखीव जागाच रद्द करा अशी मागणी केली. अनेकांना ती आत्मघातकी वाटली. परंतु राखीव जागेवर निवडून येणारा माणूस दलितांचा असतो आणि त्याला निवडणारे मात्र दुसरेच असतात, हे १९४६ पासून ते पाहत आले होते. फेब्रुवारी १९५६ मध्ये त्यांच्या ‘जनता’ पत्राचे नाव बदलून ‘प्रबुद्ध भारत’ झाले. ‘मूकनायक’ ते ‘बहिष्कृत भारत’ ते ‘जनता’ ते ‘प्रबुद्ध भारत’ ही नावे ओळीने लावली तरी माणूस कोणाशी बोलत गेला हे कळते. संयुक्त महाराष्ट्र समितीत फेडरेशन सामील झाले. जुलैमध्ये मुंबईत राजकारणात येऊ इच्छिणाऱ्या तरुणांसाठी त्यांनी एक प्रशिक्षण शाळा काढली. पहिल्या तुकडीत जेमतेम पंधराएक विद्यार्थी होते. आपल्यामागे बोलणारे, वाचलेले लोक उरले पाहिजेत, ही चिंता त्यामागे होती.

३० सप्टेंबर १९५६ ला दिल्लीत फेडरेशन विसर्जित करून रिपब्लिकन पक्ष काढायचे ठरले. त्याच्या आदल्याच आठवड्यात त्यांनी राममनोहर लोहियांना भेटीसाठी पत्र लिहिले होते. पंधरवड्यात नागपूरची दीक्षा झाली. हे दोन निर्णय इतके लागून आले हा मला योगायोग वाटत नाही. आपल्या माणसाला माणूसपणाची नवी ओळख धर्माने मिळाली की पक्षाच्या नावात जात ठेवण्याची गरज उरत नाही, आणि मग इतरांना आत बोलावता येते. हा माझा अंदाज आहे, पण तारखा त्याच्या बाजूने आहेत.

५ डिसेंबरच्या रात्री अलिपूर रोडवरच्या बंगल्यात त्यांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाची प्रस्तावना पाहायला मागून घेतली. तिच्याबरोबर दोन पत्रेही होती, एक आचार्य अत्र्यांना आणि एक एसेम जोशींना, नव्या पक्षासंबंधी. सकाळी ते उठले नाहीत.

१९५७ ची निवडणूक फेडरेशनने समितीबरोबर, जुन्याच नावाने लढवली. दादासाहेब गायकवाड नाशिकमधून आणि बी. सी. कांबळे कोपरगावमधून लोकसभेत गेले. मध्य मुंबईच्या दुहेरी मतदारसंघात सर्वसाधारण जागेवर निवडून आले डांगे आणि राखीव जागेवर फेडरेशनचे गो. का. माने. त्या वर्षी ३ ऑक्टोबरला नागपुरात रिपब्लिकन पक्षाची रीतसर स्थापना झाली. अत्रे त्यात आले नाहीत, एसेमही आपल्या पक्षातच राहिले. दोन वर्षांच्या आत गायकवाड आणि कांबळे यांच्यात फूट पडली. गायकवाडांचा ओढा खेड्यातल्या सर्व जातींच्या भूमिहीनांकडे आणि डाव्या पक्षांबरोबरच्या लढ्यांकडे होता, कांबळ्यांचा घटनात्मक मार्गाकडे. लोक त्या दोन गटांना ‘नादुरुस्त’ आणि ‘दुरुस्त’ म्हणू लागले. १९५९ मध्ये, आणि पुन्हा १९६४ च्या डिसेंबरात, गायकवाडांनी पडीक जमिनींसाठी सत्याग्रह केला तेव्हा तुरुंग भरून गेले. खोतीच्या मोर्चात कौन्सिल हॉलवर चालत आलेली काही माणसे त्या वेळी अजून हयात असतील.