लोकगायक जुझे अफोन्सो

२५ एप्रिल १९७४. मध्यरात्र उलटून वीस मिनिटे झाली होती. पोर्तुगालची राजधानी लिस्बन येथील एका रेडिओ केंद्रावरून 'ग्रांदोला, व्हिला मोरेना' हे गाणे प्रसारित झाले. घरी रेडिओ ऐकत बसलेल्यांना ते नेहमीच्या कार्यक्रमातील एक गाणे वाटले. परंतु देशातील लष्करी छावण्यांत काही तरुण अधिकारी नेमकी याच गाण्याची वाट पाहत होते. गाणे ऐकताच त्यांनी आपल्या तुकड्या बाहेर काढल्या आणि संध्याकाळ होईपर्यंत अठ्ठेचाळीस वर्षांची हुकूमशाही कोसळली. हे गाणे रचणारे आणि गाणारे कलावंत म्हणजे जुझे अफोन्सो. पोर्तुगालमधील सामान्य माणसे त्यांना प्रेमाने 'झेका' म्हणत.

जुझे अफोन्सो यांचा जन्म २ ऑगस्ट १९२९ रोजी आव्हेइरो या गावी झाला. वडील न्यायाधीश होते, तर आई प्राथमिक शिक्षिका. वडिलांची नेमणूक पोर्तुगालच्या दूरदूरच्या वसाहतींत होत असे. त्यामुळे झेकांचे बालपण कधी अंगोलात, कधी मोझांबिकमध्ये, तर कधी मायदेशी नातलगांच्या घरी गेले. १९३९ मध्ये आईवडील धाकट्या बहिणीला घेऊन तिमोर बेटावर गेले. पुढे महायुद्धात जपानी सैन्याने ते बेट व्यापले आणि हे कुटुंब बंदिवासात पडले. १९४५ पर्यंत मुलाला आईवडिलांची काहीच वार्ता नव्हती. ते जिवंत आहेत की नाहीत हेही न कळता त्याने ती वर्षे काढली. आधार नसलेल्या माणसांविषयीची जी कळकळ पुढे त्यांच्या गाण्यांत दिसते, तिची ओळख त्यांना अशी लहानपणीच झाली होती.

त्या काळी पोर्तुगालवर सालाझार या हुकूमशहाची सत्ता होती. १९२६ मध्ये लष्कराने लोकशाही मोडून काढली आणि १९३२ पासून पंतप्रधान म्हणून सालाझारने सर्व सूत्रे आपल्या हाती घेतली. वर्तमानपत्रे, पुस्तके, नाटके, गाणी यांतील प्रत्येक शब्द सरकारी तपासनिसांच्या नजरेखालून जाई. गुप्त पोलिसांची हेरगिरी सर्वत्र चाले. झेका लहानपणी ज्या एका नातलगाकडे राहत, ते गावचे नगराध्यक्ष आणि सालाझारचे कट्टर समर्थक होते. त्यांनी या मुलाला सरकारी युवक संघटनेचा गणवेशही घालायला लावला होता. मोठेपणी याच मुलाने त्या राजवटीविरुद्ध आवाज उठवला.

१९४० मध्ये झेका शिक्षणासाठी कोइंब्रा या विद्यापीठाच्या गावी आले. येथील विद्यार्थी काळे झगे पांघरून रात्री जुन्या गल्ल्यांतून 'फादो' नावाची विरहगीते गात. झेकांचा गळा गोड होता. थोड्याच काळात ते विद्यार्थ्यांचे आवडते गायक झाले. पुढे त्यांनी विद्यापीठात इतिहास व तत्त्वज्ञान हे विषय घेतले. परंतु पदवीचा मार्ग सरळ नव्हता. शिक्षण चालू असतानाच त्यांनी एका शिवणकाम करणाऱ्या तरुणीशी विवाह केला. दोन मुले झाली. घरखर्चासाठी त्यांना शिकवण्या कराव्या लागल्या, वर्तमानपत्रात मुद्रिते तपासावी लागली. मध्येच सक्तीची लष्करी सेवा आली. नंतर गावोगावच्या शाळांत शिक्षकाची नोकरी केली. या सगळ्या धकाधकीत त्यांनी अभ्यास सोडला नाही. फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्र यांच्यावरील प्रबंध सादर करून १९६३ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, ते पदवीधर झाले. प्रबंधाला वीसपैकी अकरा गुण मिळाले.

नोकरीच्या निमित्ताने झालेल्या भटकंतीत झेकांनी शेतमजूर, कोळी, खाणकामगार यांचे जीवन जवळून पाहिले. फादोतील ठरावीक हुरहूर त्यांना अपुरी वाटू लागली. पोर्तुगीज गिटारीच्या अलंकृत साथीऐवजी त्यांनी साध्या गिटारीची साथ घेतली आणि लोकगीतांच्या चालींत नव्या आशयाची गाणी रचली. स्वरलेखन त्यांना येत नसे. चाल सुचली की ती ते स्वतः गाऊन दाखवीत. १९६३ मध्ये त्यांची दोन गाणी गाजली. एकात पोर्तो शहरातील दरिद्री वस्तीतल्या मुलाचे चित्र होते. दुसऱ्यात, रात्रीच्या अंधारात येऊन जनतेचे रक्त शोषणाऱ्यांचे रूपक होते. रूपकाचा अर्थ श्रोत्यांना जसा कळला, तसा तो सरकारलाही कळला. दोन्ही गाण्यांवर बंदी आली.

मे १९६४ मध्ये दक्षिण पोर्तुगालमधील ग्रांदोला या लहान गावातल्या कामगारांच्या संगीत मंडळाने झेकांना गाण्यासाठी बोलावले. मंडळाची जागा साधी होती, परंतु तेथील माणसांचा आपलेपणा आणि आपसातील बंधुभाव पाहून ते भारावून गेले. गावाचा निरोप घेतल्यावर त्यांनी त्या गावावर एक कविता लिहून मंडळाला पाठवली. हीच त्या इतिहासप्रसिद्ध गाण्याची सुरुवात होय.

त्याच वर्षी ते मोझांबिकमध्ये शिक्षक म्हणून गेले. तेथे वसाहतीच्या राजवटीत आफ्रिकी जनतेची होणारी अवहेलना त्यांनी प्रत्यक्ष पाहिली. १९६७ मध्ये परतल्यावर ते सेतुबाल या बंदराच्या गावी शिकवू लागले. परंतु राजवटीच्या विरोधकाला सरकारी शाळेत थारा नव्हता. १९६८ मध्ये त्यांना शिक्षकी पेशातून काढून टाकण्यात आले. उत्पन्नाचा मार्ग बंद झाला. खाजगी शिकवण्या आणि गाणी हाच आता आधार उरला. एका ध्वनिमुद्रिका कंपनीने मात्र धैर्य दाखवून त्यांच्याशी करार केला आणि जवळजवळ दरवर्षी त्यांची नवी ध्वनिमुद्रिका निघू लागली. सरकारने वर्तमानपत्रांना त्यांचे नाव छापण्यास मनाई केली, तेव्हा नावाची अक्षरे उलट्या क्रमाने छापण्याची युक्ती काढण्यात आली. वाचक ते नाव ओळखत आणि मनाशी हसत.

१९७१ मध्ये पॅरिसजवळच्या एका जुन्या वाड्यात त्यांनी ग्रांदोलाचे गाणे ध्वनिमुद्रित केले. दक्षिण पोर्तुगालमधील शेतमजूर रांगेत, एकमेकांना धरून, पावले टाकीत समूहाने गातात. तो ठेका गाण्यात यावा म्हणून गायकांनी रात्री वाड्याच्या आवारात खडीवरून चालत आपल्या पावलांचा आवाज मुद्रित केला. त्या पावलांनीच गाणे सुरू होते. मग एक आवाज ओळ गातो आणि समूह ती उचलून धरतो.

एप्रिल १९७३ मध्ये गुप्त पोलिसांनी झेकांना अटक केली आणि लिस्बनजवळच्या काशियास येथील तुरुंगात सुमारे वीस दिवस डांबले. या तुरुंगाचे नाव गोव्याच्या मुक्तिलढ्याशीही जोडलेले आहे. गोवा मुक्तिसंग्रामातील सेनानी मोहन रानडे यांनी येथे दीर्घ कारावास सोसला. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला, तरी रानडे यांची सुटका १९६९ मध्ये झाली. त्यांच्या सुटकेसाठी ज्यांनी जिवापाड प्रयत्न केले, त्यांत सुधीर फडके हे मराठी गायक व संगीतकार होते.

२९ मार्च १९७४ रोजी लिस्बनच्या एका मोठ्या नाट्यगृहात अनेक गायकांचा एकत्रित कार्यक्रम झाला. झेकांच्या कित्येक गाण्यांना परवानगी नाकारण्यात आली होती; ग्रांदोलाच्या गाण्याला मात्र ती मिळाली. एका गावाचे हे साधे वर्णन तपासनिसांना निरुपद्रवी वाटले असावे. कार्यक्रमाच्या शेवटी सारे नाट्यगृह ते गाणे गाऊ लागले. आफ्रिकेतील वसाहतींत वर्षानुवर्षे चाललेल्या युद्धाला कंटाळलेले लष्करी अधिकारी तेव्हा उठावाची तयारी करीत होते. संकेत म्हणून त्यांनी प्रथम झेकांचेच दुसरे एक गाणे निवडले होते, परंतु त्या रेडिओ केंद्रावर त्याला बंदी होती. म्हणून ग्रांदोलाच्या गाण्याची निवड झाली.

२५ एप्रिलच्या सकाळी लोक रस्त्यावर आले. त्यांनी सैनिकांना कार्नेशनची लाल फुले दिली आणि सैनिकांनी ती बंदुकांच्या नळ्यांत खोवली. गुप्त पोलिसांच्या गोळीबारात त्या दिवशी चार नागरिक मृत्युमुखी पडले. उठाव करणाऱ्या सैनिकांनी मात्र जवळजवळ रक्त न सांडता सत्ता पालटली. काशियासचे दरवाजे उघडले आणि राजकीय कैदी घरी गेले. पुढील वर्षी अंगोला व मोझांबिक स्वतंत्र झाले. गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने ३१ डिसेंबर १९७४ रोजी झालेल्या करारान्वये मान्य केले.

झेकांना आता पद, पैसा, प्रतिष्ठा सहज मिळवता आली असती. त्यांनी त्यातले काही मागितले नाही. कामगारांच्या सभांतून, शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांतून ते गात राहिले. १९८२ मध्ये त्यांना स्नायूंची शक्ती हळूहळू हिरावून घेणारा असाध्य आजार असल्याचे निदान झाले. १९८३ च्या जानेवारीत त्यांनी लिस्बनमध्ये गायन केले, तेव्हा गाणाऱ्याचे शरीर थकले आहे हे श्रोत्यांना दिसत होते. त्याच वर्षी सरकारने त्यांना शिक्षक म्हणून पुन्हा सेवेत घेतले आणि एक राष्ट्रीय सन्मानही देऊ केला. सन्मान त्यांनी नाकारला. १९८५ मध्ये त्यांची अखेरची ध्वनिमुद्रिका निघाली. स्वतःचा आवाज साथ देईना, म्हणून तिच्यातील बरीच गाणी त्यांनी सहकारी गायकांकडून गाऊन घेतली.

२३ फेब्रुवारी १९८७ रोजी सेतुबाल येथे जुझे अफोन्सो यांचे निधन झाले. अंत्ययात्रेला हजारो लोक लोटले. त्यांच्या इच्छेनुसार शवपेटीवर केवळ एक लाल वस्त्र घातले होते. त्यावर कोणत्याही पक्षाचे चिन्ह नव्हते.

फेब्रुवारी २०१३ मध्ये पोर्तुगालच्या संसदेत पंतप्रधान भाषण करीत असताना प्रेक्षकसज्जातील काही नागरिक उठले आणि सरकारच्या काटकसरीच्या धोरणाविरुद्ध एकच गाणे गाऊ लागले. भाषण थांबले. ते गाणे होते ग्रांदोलाचे. एका गावाने दाखवलेल्या आपुलकीची परतफेड म्हणून लिहिलेले शब्द अशा रीतीने एका संपूर्ण देशाचे झाले.