अंधाऱ्या खोल्यांत उजेड नेणारे जेकब रीस

गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत आपल्या मंडपात किती फ्लॅश चमकतात याची गणती नाही. आरतीला, बक्षीस समारंभाला, मुलांच्या नाटुकल्याला प्रत्येकाच्या हातातला मोबाइल लखलखतो आणि कुणी दचकतही नाही. पण १८८७ साली रात्री बंद खोलीत फोटो काढणे म्हणजे स्फोटक दारूशी खेळ होता. हा खेळ खेळणाऱ्यांत बरेचसे लोक हौशी होते. त्यांना हाताशी धरून एका बातमीदाराने न्यूयॉर्कसारख्या शहराची झोप उडवली. त्या जेकब रीस यांचे चरित्र यंदाच्या स्मरणिकेत वाचकांपुढे ठेवत आहोत.

रीस यांचा जन्म ३ मे १८४९ रोजी डेन्मार्कमधल्या रिबे या जुन्या गावी झाला. वडील शाळामास्तर आणि घरात मुलांचे मोठे खटले. मुलाने शिकून लेखणी धरावी ही वडिलांची इच्छा, पण जेकब सुतारकाम शिकले. गावातल्या एलिझाबेथ या मुलीला त्यांनी मागणी घातली, ती नाकारली गेली, आणि १८७० साली एकविसाव्या वर्षी त्यांनी अमेरिकेची बोट पकडली.

तिथे त्यांच्यासाठी पायघड्या घातलेल्या नव्हत्या. सुतारकाम, खाणकाम, वीटभट्टी, जे मिळेल ते त्यांनी केले. अनेक रात्री उपाशी काढल्या. बेघरांना रात्रीपुरता आसरा देण्यासाठी तेव्हा पोलीस चौक्यांत खोल्या असत. अशाच एका चौकीत पावसाच्या रात्री त्यांच्या गळ्यातले सोन्याचे लॉकेट चोरीला गेले. तक्रार केली तर त्यांनाच बाहेर काढले. दाराशी वाट बघत बसलेले, त्यांच्यामागून आलेले भटके कुत्रे मालकाच्या बाजूने धावले, तर पोलिसाने ते पायरीवर आपटून मारले. ती रात्र रीस जन्मभर विसरले नाहीत.

१८७३ साली त्यांना बातमीदारीचे काम मिळाले आणि दिवस पालटले. १८७६ मध्ये रिबेला जाऊन त्यांनी त्याच एलिझाबेथशी लग्न केले. पुढच्या वर्षी ते न्यूयॉर्क ट्रिब्यून या पत्राचे पोलीस बातमीदार झाले. त्यांची बसण्याची जागा मलबेरी स्ट्रीटवर, पोलीस मुख्यालयासमोर. जवळच मलबेरी बेंड ही शहरातली सर्वांत बदनाम वस्ती. युरोपातून बोटी भरभरून येणारी माणसे तिथल्या दाटीवाटीच्या इमारतींत राहत. आतल्या खोल्यांना खिडकीच नसे. हवा नाही, ऊन नाही आणि भाडे मात्र चोख.

रीस रात्री दोन-तीन वाजता आरोग्य खात्याच्या पोलिसांबरोबर या वस्तीत फिरत आणि जे दिसे ते लिहीत. खात्याकडे मृत्यूंची नोंद होती, गर्दीचे अहवालही होते. लोक वाचत आणि विसरून जात. आम्ही सरकारी नोकरीतली माणसे आहोत. आकडा कितीही खरा असला तरी फाइलीत तो किती शांतपणे झोपू शकतो, हे आम्हाला कुणी सांगायला नको. ही कोंडी कशी फोडावी हे रीस यांना सुचत नव्हते. चित्र काढता येत नव्हते, आणि त्या काळोखात कॅमेरा आंधळा होता.

१८८७ साली एका सकाळी वर्तमानपत्रात त्यांना चार ओळींची बातमी दिसली. जर्मनीत मीटे आणि गेडिके या दोघांनी मॅग्नेशियमची पूड, पोटॅशियम क्लोरेट आणि अँटिमनी सल्फाइड यांची भुकटी तयार केली होती. ती पेटवली की क्षणभर लख्ख उजेड पडे. रीस तडक आपले मित्र डॉक्टर जॉन नेगल यांच्याकडे गेले. नेगल हे आरोग्य खात्यात जन्म-मृत्यूच्या आकडेवारीचे प्रमुख आणि कॅमेऱ्याचे वेडे. त्यांनी हौशी छायाचित्रकार हेन्री पिफर्ड आणि रिचर्ड हो लॉरेन्स यांना गाठले. पिफर्ड त्वचारोगाचे डॉक्टर होते आणि मॅग्नेशियमच्या उजेडाचे प्रयोग करीत होते.

सरकारी नोकराची ही हौस इंदूरकरांना नवी वाटू नये. रुडकीला शिकलेले लाला दीनदयाळ १८६६ साली इंदूरच्या बांधकाम खात्यात नकाशे आणि अंदाजपत्रके करायला लागले. कॅमेरा त्यांनी नोकरीत असतानाच हाती घेतला आणि पुढे ते निजामाच्या दरबारी राजा दीनदयाळ झाले.

न्यूयॉर्कच्या या मंडळींची पद्धत अशी होती. अंधारात कॅमेरा तिवईवर लावायचा, भिंगावरचे झाकण काढायचे, भुकटी पेटवायची आणि झाकण परत बसवायचे. सुरुवातीला भुकटीची काडतुसे पिस्तुलासारख्या साधनातून उडवीत. मध्यरात्री अनोळखी माणसे हाती पिस्तूल घेऊन आत शिरलेली पाहून लोक खिडक्यांतून पळत सुटत. मग रीस यांनी पिस्तूल सोडून साधा तवा घेतला आणि त्यावर भुकटी पेटवू लागले. धोका तरीही होताच. एकदा भुकटी तोंडावर उडाली, चष्मा होता म्हणून डोळे वाचले. एकदा आंधळ्या भिकाऱ्यांच्या खोलीत भिंतीवरच्या चिंध्यांना आग लागली, ती त्यांनी एकट्याने कशीबशी विझवली.

१२ फेब्रुवारी १८८८ च्या न्यूयॉर्क सन पत्रात या रात्रींची हकिकत रेखाटनांसह छापून आली. त्याआधी २५ जानेवारीला न्यूयॉर्कच्या हौशी छायाचित्रकारांच्या संस्थेतच रीस यांनी मॅजिक लँटर्नवर चित्रे दाखवून पहिले व्याख्यान दिले होते. पण रोजच्या जागरणाला हौस पुरली नाही. सोबती गळाले, तेव्हा रीस यांनी पंचवीस डॉलरचा कॅमेरा विकत घेतला आणि स्वतः शिकले.

त्यांचा एक फोटो बेयर्ड स्ट्रीटवरच्या खोलीचा आहे. रात्रीचे भाडे माणशी पाच सेंट. खोली धड तेरा फूट लांब नाही की तेरा फूट रुंद नाही. तिच्यात बारा माणसे झोपलेली, काही फळ्यांवर, बाकीची जमिनीवर. कागदावर तेरा बाय तेरा लिहिले की आमच्यासारखे डिप्लोमावाले क्षेत्रफळ काढतात आणि पुढे जातात. फोटोत मात्र अर्धवट जागी झालेली माणसे सरळ आपल्याकडे बघतात.

१८९० साली रीस यांचे 'हाऊ द अदर हाफ लिव्ह्ज' हे पुस्तक निघाले. ते वाचून थिओडोर रूझवेल्ट मदत करायला त्यांच्या कचेरीत आले. पुढे १८९५ साली रूझवेल्ट पोलीस मंडळाचे अध्यक्ष झाले, तेव्हा रीस यांनी त्यांना रात्रीच्या फेरीत तीच जुनी चौकी दाखवली. १८९६ मध्ये चौक्यांतल्या त्या खोल्या बंद झाल्या. मलबेरी बेंड पाडून १८९७ साली तिथे बाग झाली. १८९१ मध्ये शहराला पाणी पुरवणाऱ्या क्रोटन खोऱ्यात घाण मिसळते हे रीस यांनी फोटोंनिशी दाखवले, आणि शहराने तिथली जमीन विकत घेतली. १९०१ साली इमारतींचा नवा कायदा आला. तो अनेकांच्या खटपटीने आला, पण त्याची जमीन या फोटोंनी नांगरली होती.

चरित्रनायकाचे दोष झाकावेत असे आम्हाला वाटत नाही. चिनी, इटालियन, ज्यू लोकांबद्दल रीस यांनी सरसकट, मन दुखावणारे लिहिले. झोपलेल्या माणसाच्या डोळ्यांवर उजेड मारताना परवानगी बहुधा विचारली नाही. ज्यांच्या भल्यासाठी हे चालले होते, त्यांना त्या रात्री ते नक्कीच भले वाटले नसेल. एका रात्रीच्या आसऱ्यासाठी स्वतः धक्के खाल्लेल्या माणसानेही हा विचार केला नाही, ही बोच राहतेच.

२६ मे १९१४ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या बॅरे येथे रीस वारले. लोक त्यांना लेखक म्हणून ओळखत, काचेच्या निगेटिव्ह मात्र विस्मरणात गेल्या. १९४० च्या दशकात अलेक्झांडर अॅलंड या छायाचित्रकाराच्या पाठपुराव्याने त्या जुन्या घराच्या माळ्यावर सापडल्या. १९४७ मध्ये न्यूयॉर्कच्या संग्रहालयात त्यांचे प्रदर्शन झाले. त्यांतले काही नामांकित फोटो पिफर्ड आणि लॉरेन्स यांनी काढलेले होते, असे अभ्यासक आता मानतात.

कुठल्याही मंडळात अशी माणसे असतात. काम करतात आणि फोटोखाली दुसऱ्याचे नाव येते. नेगल नोकरी सांभाळून हौस करीत होते. ज्या मृत्यूंची नोंद त्यांच्या खात्यात होत होती, ती माणसे कुठे आणि कशी राहतात हे बघायला ते कॅमेरा घेऊन रात्री घराबाहेर पडले. नोकरीतला आकडा आणि हौसेतला कॅमेरा असे एका ठिकाणी आले, तेव्हा शहराला आपलीच माणसे दिसली.