आजोबा विमानाच्या चाकांची घडी घालायचे, त्यातूनच जगाला छत्रीसारखी मिटणारी बाबागाडी मिळाली

बाळापूरच्या बसस्टँडवर अकोल्याची एसटी लागली की जी धावपळ उडते, ती वऱ्हाडात कुणाला सांगायची गरज नाही. त्या गर्दीत एखादी आई असते. कडेवर सात-आठ महिन्यांचं लेकरू, खांद्यावर दुपट्यांची अन् दुधाच्या बाटलीची पिशवी, एका हातात मोबाईल. अकोला फार तर पंचवीसेक किलोमीटर. पण दवाखान्यात जायचं असो की पुढं रेल्वे पकडून पुण्याला, लेकराला दिवसभर कडेवर घेऊन फिरायचं म्हणजे कंबरेचा काटा ढिला होतो.

अशा वेळी घरातलं कुणीतरी म्हणतं, एखादी बाबागाडी घेऊन टाकू. मग दुसरं कुणीतरी विचारतं, ती एसटीत चढवणार कशी?

हाच प्रश्न साठ वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या एका आजोबांना पडला होता. त्यांनी त्याचं जे उत्तर शोधलं, ते आज जगभरातल्या रेल्वे स्टेशनांवर आणि विमानतळांवर दिसतं. त्यांचं नाव ओवेन मॅक्लारेन.

नाव ऐकून फॉर्म्युला वनची रेसिंग कार आठवली असेल, तर तो मॅक्लारेन वेगळा. कारवाले ब्रूस मॅक्लारेन न्यूझीलंडचे. हे ओवेन मॅक्लारेन इंग्लंडचे, आणि त्यांची गाडी ढकलल्याशिवाय जागची हलत नाही.

आधीच्या बाबागाड्या होत्या तरी कशा?

बाबागाडीची सुरुवात झाली उमराव घराण्यांतून. १७३३ साली विल्यम केंट नावाच्या वास्तुरचनाकाराने ड्यूक ऑफ डेव्हनशायरच्या मुलांसाठी एक छोटी गाडी बनवली. ती माणसाने ढकलायची नव्हतीच, बकरीसारख्या लहान जनावराला जुंपून ओढायची होती.

पुढं दांडा आला आणि माणसं गाडी ढकलायला लागली. १८८९ साली अमेरिकेत विल्यम रिचर्डसन यांनी अशी गाडी काढली की तिचा पाळणा फिरवून बाळाचं तोंड आईकडे करता येईल. सुधारणा होत गेल्या, पण एक गोष्ट कायम राहिली. बाबागाडी म्हणजे मोठी चाकं, लोखंडी सांगाडा आणि वर टोपासकट खोल पाळणा. बागेत फिरवायला एकदम झकास. पण जिना आला, बस आली, ट्रेन आली की संपलं. ज्या आईकडे गाडी ढकलायला दाई आणि गाडी ठेवायला मोठं घर, तिच्यासाठीच ती वस्तू होती. बाकीच्या आयांना घरी बसणं किंवा लेकरू कडेवर घेणं, हे दोनच रस्ते.

मॅक्लारेन आले कुठून?

मॅक्लारेन यांचा बाबागाडीशी सुरुवातीला काडीचाही संबंध नव्हता. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जन्मलेले मॅक्लारेन विमानाचे इंजिनियर होते, टेस्ट पायलटही होते. त्यांचा खास विषय होता विमानाची चाकं.

त्या काळी विमान उतरताना आडवा वारा आला की मोठी पंचाईत व्हायची. विमान हवेत तिरकं होतं, चाकंही तिरकी राहतात आणि जमिनीला टेकताच गाडी कलंडायची भीती. मॅक्लारेन यांनी १९३० च्या दशकात अशी रचना केली की विमान तिरकं असलं तरी चाकं धावपट्टीच्या दिशेला वळवून ठेवता येतील.

त्यानंतर आलं दुसरं महायुद्ध. ब्रिटनचं गाजलेलं लढाऊ विमान म्हणजे स्पिटफायर. त्याच्या चाकांच्या यंत्रणेशी मॅक्लारेन यांचं नाव जोडलं जातं. स्पिटफायरचे पंख अगदी पातळ होते, आणि विमान उडालं की चाकं त्या पातळ पंखात दुमडून आत घ्यायची होती.

विचार करा, काम किती अवघड. चाकांचे पाय हलके हवेत, नाहीतर विमान जड होणार. पण उतरताना अख्ख्या विमानाचा दणका झेलतील इतके मजबूतही हवेत. दुमडल्यावर इंचभर जागा जास्त लागून चालणार नाही आणि उघडल्यावर कुलूप असं पक्कं बसलं पाहिजे की ते आपोआप मिटता कामा नये.

विमानाची चाकं धावपट्टीवर असतात थोडाच वेळ. प्रवासाचा बाकी सगळा वेळ ती घडी होऊन पडलेली असतात. त्यामुळे चाक धावतं कसं, एवढं बघून भागत नाही. धावत नसताना ते किती जागा अडवतं हेही तितकंच महत्त्वाचं. मॅक्लारेन यांच्या डोक्यात हे गणित आयुष्यभर चाललेलं होतं.

आणि मग नातवंड आलं

१९६० च्या दशकात मॅक्लारेन साठीच्या जवळ पोहोचले होते. नॉर्थॅम्प्टनशायरमधल्या बार्बी या खेड्यात त्यांचं घर होतं. झालं असं की त्यांची मुलगी आपल्या बाळाला घेऊन मॉस्कोहून विमानाने माहेरी आली. सोबत बाबागाडी. बाळ सांभाळायचं की ते धूड सांभाळायचं, असा सगळा प्रकार.

दुसऱ्या कुणी आजोबांनी नातवंडाला उचलून घेतलं असतं आणि विषय संपवला असता. मॅक्लारेन यांनी गाडीकडं इंजिनियरच्या नजरेनं बघितलं. जे विमानाच्या चाकांना जमतं, ते बाबागाडीला का जमू नये?

घराच्या तबेल्यात त्यांनी काम सुरू केलं. १९६५ साली पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६७ साली गाडी बाजारात आली. तिचं नाव होतं बी-०१. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं कापड, अॅल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा आणि वजन साधारण २.७ किलो. म्हणजे गाडीचं वजन जवळपास नुकत्याच जन्मलेल्या बाळाएवढं.

त्यात एवढं वेगळं काय होतं?

घडीची बाबागाडी त्याआधी नव्हती असं नाही. पण ती पुस्तकासारखी मिटायची. जाडी कमी व्हायची, रुंदी तशीच राहायची. दारातून नेताना ती आडवी यायची ती यायचीच.

मॅक्लारेन यांनी नळ्या कात्रीसारख्या एकमेकींवर फुली करून जोडल्या. त्यामुळे गाडी मिटताना पुढून-मागून तर जवळ यायचीच, पण डावी-उजवी बाजूही आत यायची. शेवटी हातात उरायची एक लांबट मोळी. मिटलेल्या छत्रीसारखी. म्हणूनच या प्रकाराला आजही छत्री-घडीची गाडी म्हणतात. एका हातात बाळ धरून दुसऱ्या हातानं, पायाची मदत घेऊन ती काही सेकंदांत मिटली पाहिजे, हा त्यांचा हिशेब होता.

पहिल्या वर्षी अशा हजारेक गाड्या बनल्या. १९७६ पर्यंत हा आकडा वर्षाला ६ लाखांवर गेला. तबेल्यात सुरू झालेल्या कामाचा कारखाना झाला. तोच सांगाडा मोठा करून चालता न येणाऱ्या मोठ्या मुलांसाठीही गाडी निघाली. ब्रिटनने मॅक्लारेन यांना एमबीई हा किताब दिला. १९७८ साली त्यांचं निधन झालं.

पण खरा फरक पडला तो रस्त्यावर. लेकरू घेऊन बसमध्ये चढणं, ट्रेनने माहेरी जाणं, बाजारात जाऊन येणं, यासाठी आईला आता सोबत दुसरं माणूस असण्याची गरज उरली नाही.

एक धडा नंतरचाही आहे

जे मिटतं, ते चिमटतंही. मॅक्लारेन यांच्या निधनानंतर एकतीस वर्षांनी, २००९ साली, अमेरिकेत या कंपनीच्या जवळपास १० लाख गाड्यांबाबत मोठी कारवाई झाली. गाडी उघडताना बिजागरीत बोट सापडून मुलांच्या बोटांची टोकं तुटल्याच्या १२ तक्रारी आल्या होत्या. कंपनीला बिजागऱ्या झाकायची कव्हरं द्यावी लागली. त्यामुळे गाडी कुठल्याही कंपनीची असो, उघडता-मिटताना लेकराचे हात लांब ठेवायचे, हा नियम पक्का.

मग बाळापूर ते अकोला प्रवासासाठी गाडी कशी निवडायची?

मॅक्लारेन यांचंच गणित लावायचं. दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर प्रत्येक गाडी छान पळते. ती बंद असताना कशी वागते, ते बघायचं.

दुकानातच बाळाला कडेवर घ्या आणि एका हातानं गाडी मिटवून बघा. दुसऱ्याला हाक मारावी लागली, तर ती एसटीच्या दारातही मारावी लागणार. मिटलेली गाडी उचलून एक मजला चढून बघा. एसटीच्या पायऱ्या उंच असतात, आणि पारस किंवा अकोला स्टेशनवरचा दादराही चुकत नाही.

छत्री-घडीची गाडी लांब पण बारीक होते, सीटच्या कडेला उभी राहते. आता तीन घड्यांच्या गाड्याही मिळतात, त्या बॅगेएवढ्या होतात आणि वरच्या रॅकवर बसतात, पण वजन नीट बघून घ्यावं. चाकं फार बारीक असली तर खडी आणि खड्ड्यात अडकतात.

मान न धरणाऱ्या बाळासाठी झोळीसारख्या सीटची गाडी नको. पाठ पूर्ण आडवी होत नसेल, तर बाळ साधारण सहा महिन्यांचं होऊन आधाराने नीट बसायला लागेपर्यंत थांबावं. दांड्याला जड पिशव्या अडकवू नयेत, गाडी मागे उलटते. आणि चालत्या एसटीत बाळ गाडीत नाही, मांडीवरच.

एसटीत पाच वर्षांखालच्या लेकराला तिकीट लागत नाही आणि २०२३ पासून महिलांनाही अर्धंच तिकीट आहे. आईनं लेकराला घेऊन एकटीनं अकोल्याला जाऊन यावं, याची अर्धी सोय तिथंच झाली. उरलेली अर्धी सोय मॅक्लारेन आजोबांनी तबेल्यात बसून केली होती. फक्त निवडताना गाडी उघडून बघण्याआधी मिटवून बघायची.