ताराबाई मोडक

पालघर जिल्ह्यातील जव्हार, मोखाडा व डहाणू हा मुलूख डोंगराळ आहे. येथील आदिवासी लहान लहान पाड्यांतून विखरून राहतात. अशा पाड्यांतील बालकांना शिकवावे कसे, हे शिक्षकांना शिकविण्याचे बिकट कार्य ताराबाई मोडक यांनी डहाणू तालुक्यात केले.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईस झाला. १९१४ साली त्या पदवीधर झाल्या. पुढे राजकोट येथे त्या मुख्याध्यापिका झाल्या. परंतु मानाचे ते पद सोडून त्या भावनगरला गेल्या. तेथे गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर काढले होते. मुख्याध्यापिका असलेल्या ताराबाई तेथे पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. १९२६ साली या दोघांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापिला.

१९३६ साली ताराबाईंनी दादर येथे शिशुविहार सुरू केला. बालशिक्षिका तयार करण्याचे कामही तेथे चाले. बालकाचे निरीक्षण हा माँटेसरी पद्धतीचा पाया होय. ज्याला शिकवावयाचे, त्याला आधी ओळखावे. धाक वा मार यांना बालशाळेत थारा नसावा, हाच या शिक्षणाचा पहिला धडा होता.

शहरात या कार्याचा जम बसला. पण खेड्यांतील बालकांचे काय? या विचाराने वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, १९४५ साली, त्या बोर्डीस आल्या. येथे शहरातील रीत अपुरी पडली. माँटेसरीची साधने महाग होती आणि मुले शाळेत येत नव्हती. कोणी गुरे राखी, तर कोणी धाकटे भावंड सांभाळी. ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही. शाळेचीच रीत बदलली. शंखशिंपले, खडे, पाने, बिया हीच साधने झाली. शिक्षिका पाड्यावर जाऊन अंगणातच मुलांना जमवू लागल्या. पुढे कोसबाडच्या टेकडीवर पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा यांची मिळून विकासवाडी उभी राहिली. गुराख्यांसाठी कुरणातच शाळा भरू लागली. तेथे शिकविणाऱ्यालाच रोज नवे शिकावे लागे.

१९६२ साली भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण किताब दिला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या निवर्तल्या. १९४५ पासून त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या अनुताई वाघ यांनी १९९२ पर्यंत, म्हणजे आपल्या अखेरपर्यंत, हे कार्य चालविले. आज जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांतही अंगणवाड्या भरतात. बालकाच्या अंगणापर्यंत चालत गेलेल्या शिक्षिकांची आठवण त्या नावातच आहे.