विश्लेषण : हत्तीरोगाची चाचणी, सेवाग्रामची प्रयोगशाळा आणि ‘पॉलिक्लोनल’ अँटिबॉडी… कोण होत्या डॉ. सुशीला नायर?

हत्तीरोगाचे जंतू रक्तात शोधायचे तर रुग्णाला रात्री उशिरा झोपेतून उठवून रक्त घ्यावे लागे. दिवसभर शेतात राबलेला माणूस त्याला सहज तयार होत नसे. दिवसा घेतलेल्या रक्तावर हे निदान करता येईल का, या प्रश्नावर वर्धा जिल्ह्यातील सेवाग्रामच्या प्रयोगशाळेत अनेक वर्षे काम झाले. त्यासाठी वापरलेले हत्यार होते अँटिबॉडी. ही प्रयोगशाळा ज्या संस्थेत आहे ती उभी केली महात्मा गांधींच्या डॉक्टर सुशीला नायर यांनी. त्यांचा जीवनप्रवास आणि या चाचणीमागचे विज्ञान समजून घेऊ.

सुशीला नायर सेवाग्रामला कशा आल्या?

सुशीला नायर यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी पंजाबातील गुजरात जिल्ह्यात कुंजाह येथे झाला. हा भाग आज पाकिस्तानात आहे. थोरले बंधू प्यारेलाल हे गांधीजींचे सचिव होते, त्यामुळे आश्रमाशी ओळख लहानपणापासून होती. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्यावर १९३९ मध्ये त्या सेवाग्रामला आल्या. त्याच सुमारास वर्धा भागात पटकीची साथ पसरली. पंचविशीही न गाठलेल्या या डॉक्टरने ती साथ जवळपास एकटीने हाताळली. पुढे त्या गांधीजींच्या वैयक्तिक डॉक्टर झाल्या आणि एम.डी.चे शिक्षणही त्यांनी पूर्ण केले.

आगा खान पॅलेसमध्ये काय घडले?

१९४२ च्या ‘छोडो भारत’ आंदोलनात गांधीजींसोबत त्यांनाही पुण्याच्या आगा खान पॅलेसमध्ये स्थानबद्ध करण्यात आले. तिथे १५ ऑगस्ट १९४२ रोजी महादेवभाई देसाई यांचे निधन झाले. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबाही गेल्या. कस्तुरबांच्या अखेरच्या आजारपणात त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत सुशीलाबेन होत्या.

सुटकेनंतर त्यांनी १९४४ मध्ये सेवाग्रामला छोटासा दवाखाना सुरू केला. त्यातूनच कस्तुरबा रुग्णालय उभे राहिले. सुरुवातीला ते स्त्रिया आणि मुलांसाठी होते. १९४६ मध्ये दंगलग्रस्त नोआखालीतही त्यांनी गांधीजींसोबत काम केले.

राजकारणात काय केले?

गांधीजींच्या हत्येनंतर त्या अमेरिकेत गेल्या आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले. १९५० मध्ये परत येऊन त्यांनी फरिदाबादला क्षयरुग्णांसाठी आरोग्यधाम उभारले. १९५२ मध्ये त्या दिल्लीच्या विधानसभेत निवडून आल्या आणि तिथल्या आरोग्यमंत्री झाल्या, नंतर विधानसभाध्यक्षही झाल्या. १९५७ पासून त्या झाशीच्या खासदार होत्या. १९६२ ते १९६७ या काळात केंद्रीय आरोग्यमंत्रिपद त्यांच्याकडे होते.

डॉक्टर शहरात आणि रुग्ण खेड्यात, ही तफावत त्यांना या काळात देशपातळीवर दिसली. त्यावर त्यांचे उत्तर होते खेड्यातच वैद्यकीय महाविद्यालय काढणे. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. इथल्या विद्यार्थ्यांना खादी वापरावी लागते, सुरुवातीचे काही दिवस गांधी आश्रमात काढावे लागतात आणि प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. परिसरातल्या गावकऱ्यांनी ज्वारीच्या रूपात वर्गणी देऊन आरोग्य विमा घेण्याचा प्रयोगही इथे झाला.

हत्तीरोगाचे निदान अवघड का?

विदर्भात वर्ध्यासह अनेक जिल्ह्यांत हत्तीरोग जुना आहे. घाण पाण्यात वाढणाऱ्या क्युलेक्स डासातून तो पसरतो. कृमी शरीरातील लसीकावाहिन्यांमध्ये राहतात आणि त्यांची सूक्ष्म पिल्ले, म्हणजे मायक्रोफायलेरिया, रक्तात उतरतात. ती रक्तात येतात मुख्यतः रात्री, त्यामुळे दिवसा घेतलेल्या नमुन्यात ती बहुधा सापडत नाहीत.

शिवाय अनेकांना वर्षानुवर्षे कोणतेच लक्षण नसते. पाय सुजून जाड झाला की रोग सगळ्यांना दिसतो, पण तोवर झालेले नुकसान पूर्ण भरून येत नाही. त्यामुळे लक्षणे नसलेला माणूस वेळेत ओळखणे महत्त्वाचे ठरते. जंतू दिवसा रक्तात नसले तरी कृमीने सोडलेली प्रथिने रक्तात फिरत असतात. ती पकडण्यासाठी अँटिबॉडी लागते.

‘पॉलिक्लोनल’ अँटिबॉडी म्हणजे काय?

शरीरात परके प्रथिन शिरले की पांढऱ्या पेशी त्याला चिकटणारी अँटिबॉडी तयार करतात. एकाच प्रथिनावर चिकटण्याच्या अनेक जागा असतात आणि प्रत्येक जागेसाठी वेगवेगळ्या पेशी वेगवेगळी अँटिबॉडी बनवतात. ससा किंवा शेळीला प्रथिनाचे इंजेक्शन देऊन काही आठवड्यांनी रक्तातून सीरम वेगळे केले, तर त्यात या सगळ्यांचे मिश्रण मिळते. हीच पॉलिक्लोनल अँटिबॉडी.

एकाच पेशीच्या वंशातून तयार होणारी, एकच जागा ओळखणारी अँटिबॉडी म्हणजे मोनोक्लोनल. तिचे तंत्र कोहलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये दिले.

पॉलिक्लोनल तुलनेने स्वस्त आणि लवकर तयार होते. अनेक जागी चिकटत असल्याने प्रथिन अगदी थोडे असले, किंवा त्याचा आकार थोडा बिघडला, तरी ते पकडले जाते. मात्र त्याच कारणाने ती चुकीच्या, मिळत्याजुळत्या प्रथिनालाही चिकटू शकते. शिवाय जनावर बदलले की मिश्रणही बदलते.

सेवाग्रामच्या प्रयोगशाळेने काय निवडले?

संस्थेच्या जीवरसायनशास्त्र विभागात आणि जमनालाल बजाज यांच्या नावाच्या उष्णकटिबंधीय रोग संशोधन केंद्रात डॉ. बी. सी. हरिनाथ आणि सहकाऱ्यांनी हत्तीरोगावर दीर्घकाळ काम केले. १९८० च्या दशकातील त्यांच्या एका पद्धतीत अँटिबॉडी कुठल्या जनावराची नव्हती. जुन्या हत्तीरोग रुग्णांच्या सीरममधूनच ती वेगळी केली होती. अशा रुग्णांच्या रक्तात कृमीविरोधी अँटिबॉडी भरपूर असतात. एका रुग्णाच्या शरीराने बनवलेली अँटिबॉडी दुसऱ्याच्या रक्तातला रोग शोधायला वापरली गेली. अनेक पेशींतून आलेली असल्याने तीही पॉलिक्लोनलच.

चाचणीचे तत्त्व एलायझाचे. पृष्ठभागावर अँटिबॉडीचा थर देतात आणि त्यावर रुग्णाच्या रक्ताचा नमुना टाकतात. कृमीचे प्रथिन असेल तर ते अडकते. मग विकर जोडलेली अँटिबॉडी टाकतात. ती त्याच प्रथिनाला चिकटते आणि विकरामुळे रंग बदलतो.

सेवाग्रामने यासाठी पेनिसिलिनेज हे विकर वापरले. स्टार्च आणि आयोडीन एकत्र आले की निळा रंग येतो. पेनिसिलिनेज पेनिसिलिनचे विघटन करते, तयार झालेला पदार्थ आयोडीन संपवतो आणि निळा रंग उडतो. रंग उडाला की नाही, हे साध्या डोळ्यांनीही पाहता येते. महागडे यंत्र नसलेल्या ठिकाणी ही मोठीच सोय होती.

चूक कुठे होऊ शकते?

खेड्यात अनेकांच्या पोटात इतर जंत असतात आणि त्यांची काही प्रथिने हत्तीरोगाच्या कृमीसारखीच असतात. पॉलिक्लोनल अँटिबॉडी त्यांनाही चिकटली, तर निरोगी माणसाच्या माथी हत्तीरोग मारला जातो. म्हणून अँटिबॉडी वापरण्याआधी काही गोष्टी तपासतात.

पहिली, ती कोणत्या प्रथिनासाठी बनवली आहे? शुद्ध प्रथिन वापरले असेल तर गोंधळ कमी होतो. दुसरी, हत्तीरोग नसलेल्या भागातील लोकांच्या आणि इतर जंत असलेल्यांच्या रक्तावर ती काय दाखवते? तिसरी, किती पातळ केली की खरा आणि खोटा रंग वेगळा ओळखू येतो? चौथी, नमुना किंवा पहिली अँटिबॉडी न टाकताही रंग बदलतो का? बदलत असेल तर चाचणीतच दोष आहे. पाचवी, नवा साठा आला की जुन्यासोबत त्याची तुलना केली का?

नको त्या अँटिबॉडी बाजूला काढण्याचाही मार्ग आहे. हवे ते प्रथिन एका नळीत बांधून ठेवतात आणि मिश्रण त्यातून सोडतात. प्रथिनाला चिकटणाऱ्या अँटिबॉडी अडकतात, बाकीच्या वाहून जातात. अडकलेल्या नंतर सोडवून घेतात.

दोन्ही प्रकार एकत्र वापरण्याचेही उदाहरण आहे. जगभर वापरल्या गेलेल्या हत्तीरोगाच्या कार्ड चाचणीत सोन्याचे सूक्ष्म कण लावलेली पॉलिक्लोनल अँटिबॉडी कृमीचे प्रथिन पकडते आणि पट्टीवरची मोनोक्लोनल अँटिबॉडी ते एका रेषेवर अडवते. दिवसा बोटातून घेतलेला रक्ताचा थेंब त्यासाठी पुरतो.

क्षयरोगाने कोणता धडा दिला?

प्रथिन शोधणे आणि रुग्णाच्या रक्तातील अँटिबॉडी शोधणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अँटिबॉडी संसर्ग संपल्यावरही बराच काळ रक्तात राहू शकते, त्यामुळे रोग आत्ता आहे की पूर्वी होता, हे तिच्यावरून नीट कळत नाही. क्षयासाठी बाजारात आलेल्या अशा रक्तचाचण्यांचे निकाल इतके अविश्वसनीय ठरले की २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्या वापरू नयेत असे सांगितले. २०१२ मध्ये भारत सरकारने त्यांच्यावर बंदी घातली. चुकीच्या निकालामुळे क्षय नसलेल्याला महिनोन्‌महिने औषधे घ्यावी लागतात आणि क्षय असलेला उपचाराविना राहतो. पदरचे पैसे मोजून चाचणी करणाऱ्या गरीब कुटुंबाला तर दुहेरी फटका बसतो.

सुशीलाबेन यांची अखेरची वर्षे कशी होती?

१९७७ मध्ये त्या जनता पक्षाच्या उमेदवार म्हणून झाशीतून पुन्हा लोकसभेत गेल्या. त्यानंतर त्यांनी संस्थेच्या कामाला वाहून घेतले. त्या अविवाहित राहिल्या. ३ जानेवारी २००१ रोजी सेवाग्राम येथे त्यांचे निधन झाले.

अँटिबॉडीचे प्रयोग त्यांनी स्वतः केले नाहीत, ते श्रेय संशोधकांचे. मात्र जिथे रोग आहे तिथेच रुग्णालय आणि प्रयोगशाळा हवी, हा आग्रह त्यांचा होता. हत्तीरोगाचे रुग्ण, त्यांचे सीरम आणि चाचणी करणारे संशोधक एकाच आवारात आले ते त्यामुळे. विदर्भातील गावांत आजही हत्तीरोगाच्या गोळ्या वाटण्याची मोहीम होते. पाय सुजलेला नसला तरी शरीरात कृमी असू शकतात, म्हणूनच निरोगी दिसणाऱ्यांनीही या गोळ्या घ्याव्यात, असे आरोग्य विभाग सांगतो. लहान बालके, गर्भवती आणि गंभीर आजारी व्यक्तींना मात्र त्या दिल्या जात नाहीत.