नारायणरावांची पैठणी आणि सिंधूचे जुनेर

मी सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी. लेख लिहिण्याचा सराव नाही. परंतु यंदा मंडळाच्या नाट्यप्रवेशाचे पोशाख करण्याचे काम माझ्याकडे आले, आणि त्या निमित्ताने ज्यांची वारंवार आठवण झाली, त्या बालगंधर्वांविषयी चार शब्द लिहावेत असे वाटले.

नारायण श्रीपाद राजहंस हे त्यांचे मूळ नाव. जन्म २६ जून १८८८ चा. लहानपणी त्यांचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्यांना बालगंधर्व म्हटले व तेच नाव कायमचे झाले. १९०५ साली ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले आणि मिरजेस शकुंतला म्हणून उभे राहिले. त्या काळी घरंदाज बायका रंगभूमीवर येत नसत. स्त्रीची कामे पुरुषच करीत. पण ह्या पुरुषाने लुगडे असे नेसावे, अंबाडा असा घालावा, की प्रेक्षागृहातील बायकांनी घरी जाऊन तसेच करून पाहावे! नेसायचे कसे हे बायकांनी पुरुषाकडून शिकावे, ही नवलाचीच गोष्ट.

१९११ साली मुंबईस 'मानापमाना'चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी त्यांची तान्ही मुलगी गेली. लोक तिकिटे काढून आले आहेत, त्यांना परत कसे पाठवावे, म्हणून ते तोंडाला रंग लावून उभे राहिले. आई म्हणून मला हे वाचताना राग आला होता. आज वाटते, त्यांच्या मनाचे काय झाले असेल ते त्यांनाच ठाऊक.

१९१३ साली गोविंदराव टेंबे व गणपतराव बोडस यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. मग खऱ्या जरीची वस्त्रे, खरे दागिने, उंची अत्तरे यांना तोटा राहिला नाही. खरी जर म्हणजे चांदीच्या तारेवर सोन्याचे पाणी. पैठण तर आपल्या मराठवाड्यातलेच. अस्सल पैठणीची नक्षी दोन्ही अंगांनी सारखी दिसते हे आपण जाणतोच. नारायणरावांना रंगमंचावर खोटे चालत नसे. पण अंथरूण पाहून पाय पसरावे, हे आपण बायका जाणतो तसे त्यांना जमले नाही. कंपनी कर्जात बुडाली आणि ते कर्ज फेडण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली.

असा हा हौशी माणूस १९१९ साली गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'त सिंधू झाला, तेव्हा मात्र दारुड्याची ती गरीब बायको ठिगळाच्या जुनेरात आली. पैठणीत शोभणाऱ्याने अंगावर जुनेर घ्यावे आणि तेही तितकेच खरे वाटावे, ह्यातच त्यांचा मोठेपणा मला दिसतो.

आम्ही सिंधूचाच प्रवेश बसविला होता. नगरहून भाड्याने पोशाख आणावे, असे काहींचे मत पडले. मी घरीच करू म्हटले आणि फसले. बाजारातून नवे सुती कापड आणले. रात्रभर मिठाच्या पाण्यात भिजविले, म्हणजे रंग जायचा तो जाईल व कापड आटायचे ते आटेल. वाळल्यावर चहाच्या पाण्यात बुडवून मळकट केले. वरून ठिगळे लावली. तरी ते नवेच दिसे. ठिगळ असे ऐटीत बसले होते, जणू नक्षीच!

शेवटी ट्रंकेतून माझ्या आईचे लुगडे काढले. ती गेल्यापासून त्याला हात लावला नव्हता. मधला विरलेला भाग काढून तिने दंड घातलेला. तिचे टाके जागच्या जागी होते. दुष्काळात आम्हा भावंडांना नवे घेऊन तिने स्वतः त्याच लुगड्यावर दिवस काढले होते. ते दुसरीच्या अंगावर द्यायला मन होईना. परंतु दिले. खळ घातली नाही, इस्त्री केली नाही. सूनबाई ते नेसून आल्या, तेव्हा मागच्या रांगेतील म्हाताऱ्या बायकांनी पदर डोळ्यांना लावला. मला तर प्रवेश नीट दिसलाच नाही.

१९३५ साली प्रभातच्या 'धर्मात्मा' बोलपटात नारायणराव पैठणचे नाथमहाराज झाले. उतारवयात पायांनी साथ सोडली, तरी गाणे सुटले नाही. १९६४ साली पद्मभूषण मिळाले. १५ जुलै १९६७ रोजी ते गेले. पुढच्याच वर्षी, त्यांच्या जन्मदिवशी, पुण्यात त्यांच्या नावाचे रंगमंदिर उघडले.

भगिनींनो, पुढील वर्षी पोशाख करताना दुकानात जाण्याआधी आपापली ट्रंक उघडून पाहावी, एवढीच विनंती. आईचे लुगडे धुऊन, सावलीत वाळवून मी परत ठेवले आहे. एक टाका उसवला होता, तो तसाच राहू दिला. चूकभूल क्षमा असावी.